वाटीचे किती ग्रॅम? डिंकाच्या लाडवांच्या नोंदी

आमचा सात जणींचा बचत गट आहे, तासगाव तालुक्यात. थंडीत डिंकाचे आणि खजुराचे लाडू करून विकतो. कृती सगळ्या वाटीच्या मापात होत्या. त्या ग्रॅममध्ये आणायला एक दुपार पुरेल असं मला वाटलं होतं. पाच आठवडे गेले. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर आमच्या चुका तरी परत होऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या आवरून इथे देते. भाव आमच्याकडचे, त्या त्या दिवसांचे.

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

दिवाळी उरकली आणि ऑर्डरी सुरू झाल्या. डिंकाचे ४० किलो, खजुराचे १२ किलो, २० डिसेंबरच्या आत द्यायचे. गेल्या वर्षीची गोष्ट सगळ्यांच्या मनात आहे. एकाच घरी आमचे दोन पुडे गेले होते. एकातले लाडू मऊसूत, दुसऱ्यातले असे की त्या बाईंनी फोन करून विचारलं, ‘बरोबर खलबत्ता पण देता का?’ वही तीच, कृती तीच. पहिला पुडा आईंच्या (माझ्या सासूबाई) हातचा, दुसरा मोठ्या जाऊबाईंच्या. जाऊबाई त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या, कारण फोन मी घेतला होता.

आज ठरलं, यंदा सगळं वजनावर. स्वयंपाकघरातला काटा माझ्याकडेच आहे (४५० रुपये, पाच किलोपर्यंत, एक-एक ग्रॅम दाखवतो), म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून शिक्का मारलेलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन दहा मिनिटांसाठी मागून आणलं आणि काट्यावर ठेवलं. ५०१ दाखवलं. चालेल.

वहीतला एक घाणा असा: खारीक पूड २ वाट्या, सुकं खोबरं किसून २ वाट्या, डिंक अर्धी वाटी, बेदाणे अर्धी वाटी, काजू-बदामाची भरड १ वाटी, खसखस पाव वाटी, गूळ चिरून २ वाट्या, तूप १ वाटी. वेलची-जायफळ अंदाजाने. मेथी कुणी सांगितली तरच.

रविवार, ९ नोव्हेंबर

मोबाईलवर शोधाशोध केली. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे सापडले: चिरलेला खजूर एक कप म्हणजे १४७ ग्रॅम, बेदाणे एक कप सैल भरले तर १४५, दाबून भरले तर १६५. खारकेचा आकडा कुठे नव्हता. खारीक म्हणजे शेवटी वाळवलेला खजूरच, असं म्हणून १४७ तिला लावून टाकले. खोबरं, गूळ, डिंक वगैरेंचे आकडे शोधायचा कंटाळा आला, म्हणून ते आईंच्या वाटीने भरून काट्यावर मोजले.

अर्ध्या तासात कागद तयार. खारीक २९४, बेदाणे ७२, खोबरं १००, गूळ २६०, डिंक ६५. फार खूश होते.

सोमवार, १० नोव्हेंबर

घाणा फसला. लाडू वळेनातच. मुठीत दाबला की आकार घ्यायचा, ताटात ठेवला की भुगा. आईंनी एकदा कढईत पाहिलं आणि म्हणाल्या, ‘खारीक लई झालीय गं.’ वजन न करता.

चूक रात्री लक्षात आली. अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा. आईंची वाटी त्याहून बरीच लहान. म्हणजे मी खारीक आणि बेदाणे मोठ्या भांड्याने घेतले होते आणि गूळ, खोबरं लहान भांड्याने. निम्मी कृती एका मापात, निम्मी दुसऱ्या. एकाच भांड्याने सगळं मोजलं असतं तर भांडं बादली असती तरी लाडू वळले असते.

नुकसान: एक घाणा, जवळपास ५०० रुपयांचा माल. त्यात वरून गूळ-तूप घालून सुधारायचा प्रयत्न केला, पण गूळ पुन्हा तापवल्यावर कडक झाला. पोरांनी भुगा दुधात घालून खाल्ला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सातही जणींना आपापली वाटी घेऊन बोलावलं. रिकामी वाटी काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, काठोकाठ पाणी भरायचं. पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिली. निघालेले आकडे: ११८, १३६, १५०, १५५, १७२, १८०, २०५. आईंची १७२. जाऊबाईंची २०५, ती त्यांच्या माहेरची, जाड पितळी. सगळ्या एकमेकींच्या वाट्यांकडे बघायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, चोर सापडला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चोर सापडलेला नाही. सोमवारचाच धडा मी दोन दिवसांत विसरले होते: जाऊबाई सगळं त्याच २०५च्या वाटीने घेतात, मग प्रमाण बिघडणार कसं? घाणा मोठा होईल, लाडू चार जास्त होतील, एवढंच. वाटी मोठी म्हणून लाडू कडक होत नाही. वाट्या मोजण्यात गेलेला कालचा दिवस फुकट. (अगदीच फुकट नाही. आईंची वाटी १७२ मिली, हे पुढे पदोपदी लागलं.)

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज खरा प्रकार कळला. आईंची एकच वाटी, बेदाणे एकाच पोत्यातले, आणि सातही जणींना सांगितलं, ‘एक वाटी बेदाणे द्या.’ कुणी कुणाचं बघायचं नाही. वजनं अशी आली: ९९, १०३, १०५, १०८, ११९, १२६, १३४.

त्याच वाटीत, तेच बेदाणे. १०५ आईंचे: सपाट, सैल, वाटी आपटायची नाही. १३४ जाऊबाईंचे: तळव्याने दाबून वर शीग. त्या म्हणाल्या, ‘गिऱ्हाइकाला कमी का द्यायचं?’ हिशेब चुकीचा असला तरी नियत चांगली.

मग त्या अमेरिकन आकड्याचा सूड घेतला. १४५ ग्रॅम, २३७ मिलीला. १७२ मिलीला किती? १०५. आईंची वाटी आणि तो तक्ता एका ग्रॅमानेही वेगळे निघाले नाहीत. म्हणजे तक्ता बरोबर होता, मीच तो चुकीच्या भांड्याला लावला होता. दाबून भरलेल्याचे १६५ धरले तर आमच्या वाटीला १२० येतात. मी मोजले तेही ११९-१२०.

आजपासून वहीत नुसती ‘वाटी’ लिहायची नाही. सपाट सैल, सपाट दाबून, शिगोशीग, यांपैकी एक शब्द लिहायचाच.

रविवार, १६ नोव्हेंबर – खारीक

खारकेला पूर्ण दिवस लागला. आख्खी खारीक वाटीने मोजणं म्हणजे चेष्टा. आडव्या बसल्या तर सात, उभ्या खोचल्या तर दहा. वजन ५६ ते ७८. बिया काढलेल्या तुकड्यांचं तसंच. अडकित्त्याने लहान तुकडे केले तर जास्त बसतात. त्यामुळे वाटी लावायची तर पुडीलाच.

पुडीतही दोन प्रकार आहेत हे माझ्या ध्यानात नव्हतं. आई मिक्सर थांबत-थांबत फिरवतात, पूड रवाळ राहते: सपाट वाटी ९८ ग्रॅम. जाऊबाई बारीक करून चाळतात आणि वाटी ओट्यावर दोनदा आपटतात: ११८. दोन वाट्यांमागे ४० ग्रॅम खारीक जास्त. गेल्या वर्षीच्या दगडाचा एक हिस्सा हा.

आम्ही कागदावर रवाळ ९८ धरली. वजनाने घेतल्यावर बारीक असो की रवाळ, प्रमाण सुटत नाही. लाडू खाताना दाताखाली फरक लागतो तेवढाच.

दुसरी नोंद बियांची. एक किलो खारीक फोडली. बिया आणि देठ काढून राहिले ८१०. उन्हात तापवून, कढईत किंचित परतून, दळून हाती आली ७५५ ग्रॅम पूड. बाकीची ओल गेली आणि थोडी मिक्सरच्या झाकणाला राहिली. म्हणजे विकतची एक किलो, पूड पाऊण किलो. एक किलो फोडायला दोघींना एक तास. अंगठ्याला चिंधी बांधा, आम्ही नंतर बांधली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर – खोबरं

सुक्या मेव्यात सगळ्यात लबाड कोण, तर खोबऱ्याचा कीस. सैल भरला तर १७२च्या वाटीत ५० ग्रॅम. बोटांनी दाबून वर शीग लावली तर ६६. खरं किती घ्यायचं, यावर घरात दोन तट. आईंना विचारलं तर ‘वाटीच की गं, त्यात काय.’ भरून दाखवा म्हटलं तर चार वेळा चार वजनं आली, कारण बघतोय म्हटल्यावर त्यांचा हात बदलला. जाऊबाई सैल भरतात.

खोबऱ्यातच तेल असतं. ते कमी आणि खारीक जास्त झाली की लाडू कडक व्हायलाच हवा. हे जाऊबाईंसमोर मोठ्याने बोलायला नको होतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर – खजूर, अंजीर, जर्दाळू

खजुराच्या लाडवांची कृती लहान: बिनबियांचा खजूर २ वाट्या, अंजीर अर्धी, जर्दाळू अर्धी, बदामाची भरड एक, तूप दोन चमचे.

खजुराने डोळे पांढरे केले. सुटा, टपोरा, बिया काढलेला खजूर वाटीत सहज टाकला तर ९५ ग्रॅम. पाकिटातला चेपलेला खजूर वाटीत दाबून भरला तर १६८. सुक्या मेव्यात इतका फरक मला दुसऱ्या कशात दिसला नाही. कारण उघड आहे: बेदाणा दाबला तरी मधे हवा राहते, खजूर मऊ असल्याने सगळी हवा बाहेर काढतो. आई चेपलेलाच आणतात आणि दाबूनच भरतात, तेव्हा वहीतल्या दोन वाट्या म्हणजे ३३६ ग्रॅम. मागच्या वर्षी एकीने सुटा खजूर आणून दोन सैल वाट्या घेतल्या होत्या, म्हणजे १९० ग्रॅम. तिचे लाडू का सांडत होते ते आज समजलं.

अंजीर आख्खं मोजू नये. माळेतली अंजिरं चपटी असतात, वाटीत नाण्यांसारखी एकावर एक बसतात किंवा तिरकी अडकतात. हरभऱ्याएवढे तुकडे करून सपाट वाटी १०८. सुरीला तुपाचं बोट लावून घ्या, नाहीतर निम्मं अंजीर सुरीवर. माळेचा दोरा काढून वजन करा. आमचा दोरा ४ ग्रॅमचा होता, ते सोडा, पण एकीने तो लाडवात घातला होता.

जर्दाळूचे आमच्या बाजारात दोन प्रकार. नारिंगी, मऊ, बिनबियांचे: अर्धे करून सपाट वाटी ९४. तपकिरी, टणक, बीवाले: अर्ध्या किलोतून गर निघाला ३६० ग्रॅम. बी फोडून आतला गर लाडवात टाकला तर चांगला लागतो, पण बी फोडायला वेळ कुणाला आहे. नारिंगी घ्यायचं ठरलं. महाग पडलं, किलोमागे शंभरावर जास्त.

रविवार, २३ नोव्हेंबर – जुना कागद

खोबऱ्याचा वाद मिटेना म्हणून आईंनी ट्रंकेतून त्यांच्या सासूबाईंचा एक कागद काढला. शाई उडालेली, तारीख नाही. त्यावर: ‘खारीक १ शेर, खोबरे अर्धा शेर, गूळ १ शेर, डिंक पावशेर, बेदाणे ३ छटाक, तूप अर्धा शेर.’

इथे पुन्हा घसरणार होते. आमच्याकडे शेर म्हटलं की ज्वारी मोजायचं माप डोळ्यापुढे येतं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळं भरून मोजायचं. जाऊबाई मापटं आणायला उठल्यासुद्धा होत्या. आईंनी थांबवलं. ‘छटाक लिवलंय न्हवं? छटाक तागडीचा. मापात छटाक नसतो.’

शेर दोन होते, मापी आणि वजनी. वजनी शेर म्हणजे ८० तोळे, सोळा छटाक. तोळा ११.६६ ग्रॅम धरला तर शेर ९३३ ग्रॅम, छटाक ५८. मेट्रिक वजनं आपल्याकडे १९५६च्या कायद्याने, ऑक्टोबर १९५८पासून यायला लागली. कागद त्याच्या आधीचा किंवा ज्यांची बोली बदलली नाही अशा हातचा. तुमच्या घरच्या जुन्या वहीत शेर दिसला तर शेजारी छटाक आहे की मापटं ते आधी बघा. छटाक असेल तर वजन, मापटं-चिपटं असेल तर भरून.

शिवाय शेर गावोगाव कमी-जास्त असायचा म्हणतात, पण त्याने आमचं काही अडलं नाही. सगळं त्याच शेराने घेतलंय, आम्हाला प्रमाण हवं होतं.

मांडलं ते असं. खारीक १६ छटाक, बीसकट. पूड पाऊण, म्हणजे १२ छटाक. आमच्या घाण्यात पूड १९६ ग्रॅम. तेव्हा एक छटाक बरोबर आमचे सव्वासोळा-साडेसोळा ग्रॅम. मग बाकीचं:

खोबरं ८ छटाक: १३१ ग्रॅम.
गूळ १६ छटाक: २६१.
डिंक ४ छटाक: ६५.
बेदाणे ३ छटाक: ४९.

माझे मोजलेले आकडे: गूळ २६०, डिंक ६५, बेदाणे अर्धी सपाट सैल वाटी ५२. आणि खोबरं दाबून शिगोशीग दोन वाट्या, १३२.

मी कागद तीनदा तपासला. वहीत ‘२ वाट्या’ लिहिणाऱ्या आईंनी तागडीचा आकडा हातात उतरवला होता: जिथे शीग हवी तिथे शीग, जिथे सपाट तिथे सपाट. फक्त ते लिहिलं नव्हतं, कारण त्यांना ते वेगळं सांगण्यासारखं वाटलंच नाही. मी विचारलं, खोबऱ्याला शीग आणि बेदाण्याला नाही, असं का? ‘बेदाणा दाबला तर फुटतोय, हात चिकट. खोबरं न दाबता वाटीत ऱ्हातंय का?’

तुपाचं जमलं नाही. कागदाने १३१ ग्रॅम येतं, आईंच्या पातळ तुपाची वाटी १५७. तेव्हाचं तूप घट्ट मोजलं असेल, हात आखडता असेल, काहीही असेल. आईंनी निकाल दिला, १४५.

बुधवार, २६ नोव्हेंबर

नव्या कागदावर पहिला घाणा. वळले. अठ्ठावीस लाडू, ३४-३५ ग्रॅमचे. जाऊबाईंनी स्वतः केले, मी फक्त वजन करून दिलं. आईंनी एक फोडून खाल्ला, दुसरा उचलला. त्यांच्याकडून याहून जास्त मिळत नाही.

एक खड्डा: डिंकाचे ६५ ग्रॅम कच्च्या डिंकाचे. तळल्यावर फुलून चौपट दिसतो. एकीने तळलेला डिंक वाटीने मोजायला घेतला होता, वेळेत दिसलं म्हणून वाचलं. कागदावर ‘कच्चा’ लाल पेनाने लिहिला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

माझी हिशेबाची चूक, मोठी. ४० किलोला ४२ घाणे. खारीक पूड १९६ गुणिले ४२, म्हणजे ८ किलो २३०. मी साडेआठ किलो खारीक आणली. बिया! सोळा तारखेला स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, एक किलोची पाऊण किलो. हाती पूड आली ६ किलो ४००. तीन किलो आणखी आणावी लागली, आणि तोवर ठोक भावाचा दुकानदार बंद, म्हणून किलोमागे ४० रुपये जास्त. १२० रुपये आणि एक संध्याकाळ.

कागदावर आता दोन रकाने आहेत: ‘बाजारातून आणायची’ आणि ‘घाण्यात घालायची’. खारीक आणि बीवाला जर्दाळू यांनाच ते लागतात, बाकी मेव्याला फरक नगण्य.

मंगळवार, २ डिसेंबर

काट्याने दगा दिला. सहा घाण्यांची खसखस १५० ग्रॅम घ्यायची होती. जपून, चिमटीने, हळूहळू टाकत होते आणि आकडा हलेचना. हलेचना म्हणून आणखी टाकली. पातेलं उचलून पुन्हा ठेवलं तर १७३. या स्वस्त काट्यांना फार सावकाश टाकलेलं कळत नाही, ते आपसूक शून्य धरून बसतात. खसखशीचा भाव बघता २३ ग्रॅम म्हणजे गंमत नाही. उपाय साधा: एकदम ओतायचं, आणि अधूनमधून भांडं उचलून परत ठेवायचं. वेलची, जायफळ, मेथी या काट्यावर मोजूच नका. त्यांना चमचाच बरा.

दुसरं, मधेच कुणाशी बोलत उभं राहिलं की काटा झोपतो आणि भांड्याचं वजन विसरतो. म्हणून प्रत्येक रिकाम्या पातेल्याच्या बुडाला त्याचं वजन मार्करने लिहून टाकलं. आमच्या गटातलं हे एक काम सगळ्यांना एकमताने आवडलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

बेदाणे संपले. तासगावात राहून बेदाणे संपतात, हसा. नवे आणले ते शीतगृहातून थेट निघालेले, गार, गठ्ठे झालेले. सहज म्हणून वाटीने मोजले: गठ्ठ्यांमध्ये पोकळी राहून ९२. पसरून ठेवले, दुसऱ्या दिवशी सुटे झाल्यावर १०७. वाटीने घेणाऱ्याला गठ्ठ्याच्या दिवशी कमी बेदाणे मिळतात.

काट्यावर मात्र एक किलोचे पसरून वाळल्यावर ९८५ ग्रॅम झाले. वजनही थोडं फसवतं. पण दीड टक्क्याने. सात जणींच्या हाताने वाटीने फसवलं होतं ते तिसऱ्या हिश्श्याने.

मंगळवार, ९ डिसेंबर

गटातल्या सगळ्यात वयस्कर काकूंना काट्यावरचे लाल आकडे दिसत नाहीत, आणि दिसले तरी ६ की ८ कळत नाही. त्या दोन दिवस गप्प बसून फक्त लाडू वळत होत्या. आज त्यांच्यासाठी उलटा प्रवास केला. सहा घाण्यांची खारीक पूड, ११७६ ग्रॅम, वजन करून एका पारदर्शक बरणीत ओतली, न दाबता, आणि जिथवर आली तिथे नेलपॉलिशची रेघ. तसंच खोबऱ्याचं, बेदाण्यांचं. प्रत्येकाला वेगळी बरणी, वेगळा रंग. काकू रेघेपर्यंत भरतात, मी दर तिसऱ्या वेळी काट्यावर पडताळते. आतापर्यंत जास्तीत जास्त फरक ३० ग्रॅम. जाऊबाई म्हणाल्या, मग परत मापावरच आलो की. आलो खरे. पण आता ते आमच्या पुडीसाठी, आमच्या बरणीसाठी तोलून घेतलेलं माप आहे; पूड बारीक केली तर रेघ पुसून नवी मारावी लागेल.

गुरुवार, १८ डिसेंबर

डिंकाचे ४२ घाणे झाले. कागदावर ४० किलो ६०० व्हायला हवे होते, भरले ३९ किलो ८००. उरलेलं कढईला, हाताला आणि शाळेतून आलेल्या पोरांच्या पोटात. एक जादा घाणा करून ऑर्डर पुरी केली. खजुराचे १२ किलो परवाच गेले. अजून कुणी खलबत्ता मागितलेला नाही.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी, दर १०० मिलीला. तुमची वाटी पाण्याने मोजा. १५० मिलीची निघाली तर दीडने गुणा.

बेदाणे, सपाट सैल: ६१ ग्रॅम. दाबून: ७०.
खारीक पूड रवाळ, सपाट: ५७. बारीक चाळलेली, आपटून: ६९.
खजूर बिनबियांचा, सुटा सैल: ५५. चेपलेला, दाबून: ९८.
अंजीर, हरभऱ्याएवढे तुकडे, सपाट: ६३.
जर्दाळू नारिंगी, अर्धे करून, सपाट: ५५.
सुक्या खोबऱ्याचा कीस, सैल: २९. दाबून शिगोशीग: ३८.

हे आमच्या मालाचे आकडे. तुमचा खजूर जास्त वाळलेला असेल तर तुम्ही एकदा स्वतः भरून, पाच वेळा मोजून मधला आकडा घ्या. पहिल्या वेळचा घेऊ नका, तो नेहमी जास्त येतो, कारण आपण नकळत दाबतो.

संक्रांतीनंतर हळिवाच्या लाडवांचं घ्यायचं आहे. हळीव कोरडे तोलायचे की नारळाच्या पाण्यात भिजल्यावर, यावर आजच जाऊबाईंचं आणि माझं वाजलं. त्या म्हणतात भिजल्यावर. वहीत नुसतं लिहिलंय, ‘हळीव १ वाटी’.